परक्या गावातले घरचे मैदान
(युरोपीय बास्केटबॉलचा १९९१-९२ चा हंगाम)

स्मरणिकेसाठी 'इतिहासावर काहीतरी लिहा' असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा पानिपत, अटकेपार झेंडे किंवा मराठ्यांची उत्तरेतील घराणी यांपैकी एखादा विषय त्यांच्या मनात असणार. हे सारे विषय आपल्याला प्रिय आहेत आणि आपल्या अंकांतून ते वरचेवर येतही असतात. यंदा मात्र वाचकांना थोडे दूर, युरोपात घेऊन जावे असे मी ठरवले आहे. विषय आहे बास्केटबॉलचा, आणि तोही एका हंगामाचा.

बास्केटबॉल हा काही आपला घरचा खेळ नव्हे. आपल्यापैकी बहुतेकांची ओळख शाळेच्या किंवा कॉलनीच्या मैदानावरच्या गंजलेल्या रिंगपुरतीच. तरीही हा हंगाम आपल्यासारख्या, गाव सोडून दुसऱ्या प्रांतात स्थिरावलेल्या माणसांनी मुद्दाम वाचावा असा आहे. कारण त्या वर्षी युरोपचे अजिंक्यपद अशा एका संघाने जिंकले, ज्याला स्वतःच्या शहरात खेळायची बंदी होती. त्याचे घरचे सामने सुमारे २,००० किलोमीटर दूर, परक्या देशातल्या एका गावात झाले. त्या गावाने त्याला आपले म्हटले. संघ जिंकला, आणि ज्या देशाच्या नावाने तो खेळत होता तो देश त्यानंतर दोन आठवडेही टिकला नाही.

टिटोंचा देश आणि त्याचा खेळ

युगोस्लाव्हिया हे नाव आपल्या पिढीला परके नाही. नेहरू, नासर आणि टिटो ही त्रयी आपण शाळेच्या पुस्तकात वाचली. अलिप्त राष्ट्रांची पहिली परिषद १९६१ च्या सप्टेंबरमध्ये भरली ती याच देशाच्या राजधानीत, बेलग्रेडला. स्लोव्हेनिया, क्रोएशिया, बोस्निया-हर्जेगोव्हिना, सर्बिया, माँटेनेग्रो आणि मॅसिडोनिया या सहा प्रजासत्ताकांचा हा संघराज्याचा संसार होता. भाषा, लिपी, धर्म यांची सरमिसळ म्हणाल तर आपल्याला सहज समजावी अशी. १९८० च्या मे महिन्यात टिटो वारले आणि घरातला कर्ता पुरुष गेल्यावर जे होते ते हळूहळू तिथे होऊ लागले.

एका गोष्टीत मात्र हा देश अखेरपर्यंत एकदिलाने पुढे होता, ती म्हणजे बास्केटबॉल. १९७०, १९७८ आणि १९९० मध्ये त्यांनी जगज्जेतेपद मिळवले. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकचे सुवर्णपदकही त्यांचेच. क्लबांच्या पातळीवर तर कमालच होती. युरोपातील सर्व देशांच्या विजेत्या क्लबांमध्ये होणारा युरोपियन चषक १९७९ मध्ये सारायेव्होच्या बोस्ना संघाने जिंकला, १९८५ आणि १९८६ मध्ये झाग्रेबच्या सिबोनाने, आणि १९८९, १९९० व १९९१ असा सलग तीन वर्षे स्प्लिटच्या संघाने. म्हणजे १३ वर्षांत ६ अजिंक्यपदे! यात राजधानी बेलग्रेडच्या वाट्याला मात्र एकही आले नव्हते. तिथला पार्टिझान हा १९४५ मध्ये लष्कराच्या क्रीडासंस्थेतून जन्मलेला क्लब १९८८ मध्ये शेवटच्या चार संघांत पोचून तेल अवीवच्या मकाबीकडून उपांत्य सामन्यात हरला होता. त्यानंतर १९८९ मध्ये त्याचे व्लादे दिवाच आणि झार्को पास्पाल्य हे दोघे खेळाडू अमेरिकेतल्या एनबीएमध्ये गेले. पार्टिझानची वेळ येऊन गेली, असेच सर्वांना वाटले असणार.

रोम, जून १९९१

१९९१ च्या जून महिन्यात रोमला युरोपीय देशांची अजिंक्यपद स्पर्धा चालू होती. युगोस्लाव्हियाचा संघ सर्वांना सहज हरवत होता. स्पर्धा ऐन रंगात असताना, २५ जूनला, स्लोव्हेनिया आणि क्रोएशिया यांनी स्वातंत्र्य जाहीर केले. संघात यूरे झ्दोव्हत्स नावाचा स्लोव्हेनियाचा खेळाडू होता. त्याच्या नव्या सरकारने त्याला कळवले, या संघातून यापुढे खेळू नकोस. उपांत्य सामन्याआधी तो बाहेर पडला. उरलेल्या खेळाडूंनी २९ जूनला अंतिम सामन्यात इटलीला ८८-७३ असे हरवून सुवर्णपदक घेतले. सर्ब, क्रोएट सारे एका संघात असलेला तो युगोस्लाव्हियाचा शेवटचा मोठा विजय.

पुढचे महिने काय घडले ते वर्तमानपत्रांतून आपणही वाचले होते. क्रोएशियात लढाई पेटली. ऑक्टोबरमध्ये दुब्रोव्निक या सुंदर समुद्रकाठच्या शहराला वेढा पडला. १८ नोव्हेंबरला तीन महिन्यांच्या वेढ्यानंतर वुकोवार पडले. याच काळात युरोपातल्या क्लबांचा नवा हंगाम सुरू होत होता.

तीन संघ, तीन परकी गावे

या हंगामात आणखी एक बदल होता. १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नायस्मिथ यांनी हा खेळ शोधला, त्याला शंभर वर्षे होत होती. आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फिबाने, जुन्या युरोपियन चषकाचे रूप बदलून 'युरोपियन लीग' केली. पूर्वी प्रत्येक देशाचा फक्त विजेता संघ आणि आदल्या वर्षीचा युरोपविजेता यांनाच प्रवेश असे. आता मोठ्या देशांचे दोन-तीन संघ घेतले जाऊ लागले. या बदलामुळेच पार्टिझानला दार उघडले, कारण आदल्या वर्षी देशांतर्गत अंतिम लढतीत तो स्प्लिटकडून हरला होता. अशा रीतीने युगोस्लाव्हियाचे स्प्लिट, सिबोना आणि पार्टिझान असे तीन संघ स्पर्धेत आले.

पण खेळायचे कुठे? युद्ध चालू असलेल्या देशात पाहुणा संघ कोण पाठवणार? फिबाने निर्णय दिला की या तिन्ही संघांनी आपले घरचे सामने देशाबाहेर खेळावेत. तिघांनाही आसरा दिला तो स्पेनने. स्प्लिटचा संघ उत्तरेच्या टोकाला ला कोरून्याला गेला, सिबोना दक्षिणेला कादिसजवळच्या पुएर्तो रियाल येथे, आणि पार्टिझान राजधानी माद्रिदजवळच्या फुएनलाब्राडाला. जे एका देशाचे संघ होते, ते परक्या देशात एकमेकांपासून शेकडो मैल दूर, प्रत्येक आपापल्या बिऱ्हाडी. (फुटबॉलमध्येही तीच कथा. १९९१ चा युरोपविजेता, बेलग्रेडचा रेड स्टार, पुढच्या हंगामात घरचे सामने हंगेरी आणि बल्गेरियात खेळला.)

फुएनलाब्राडा

आता या गावाविषयी थोडे सांगितले पाहिजे. फुएनलाब्राडा हे काही ऐतिहासिक किंवा पर्यटकांचे ठिकाण नव्हे. माद्रिदच्या दक्षिणेला असलेले हे खेडे १९७० च्या सुमारास जेमतेम काही हजार वस्तीचे होते. पुढच्या वीस वर्षांत पोटापाण्यासाठी स्पेनच्या निरनिराळ्या प्रांतांतून माद्रिदकडे आलेली कष्टकरी कुटुंबे, शहरात घर परवडेना म्हणून, इथे येऊन राहिली. १९९१ पर्यंत वस्ती लाखाच्या वर गेली. म्हणजे जवळजवळ सारे गावच बाहेरून आलेल्यांचे. भिलाई, राउरकेला किंवा पिंपरी-चिंचवड ज्यांनी वाढताना पाहिले आहे त्यांना असे गाव समजावून सांगायची गरज नाही.

या गावात नुकतेच एक नवे क्रीडागृह उभे राहिले होते. त्याला फेर्नांदो मार्तीन याचे नाव दिलेले होते. एनबीएमध्ये खेळणारा हा पहिला स्पॅनिश खेळाडू. १९८९ च्या डिसेंबरमध्ये मोटार अपघातात तो ऐन उमेदीत गेला. हॉल नवा होता, पण स्पेनच्या सर्वोच्च लीगमध्ये खेळणारा संघ मात्र गावाला नव्हता. आणि एके दिवशी युरोपातल्या सर्वांत मोठ्या स्पर्धेतला एक संघ, स्वतःचे प्रेक्षक नसलेला, त्या हॉलच्या दाराशी आला.

पुढे जे झाले ते कुणी हुकूम काढून घडवलेले नव्हते. फुएनलाब्राडाच्या लोकांनी या संघाला आपला मानले. बहुतेक खेळाडूंची नावे त्यांना धड उच्चारता येत नसतील, भाषा तर एका अक्षरानेही जुळत नव्हती. तरी लोक हॉल भरू लागले, आणि समोर स्पेनचाच संघ असला तरी ओरडू लागले ते पार्टिझानच्या बाजूने. गंमत म्हणजे पार्टिझानच्या गटात माद्रिदचा एस्तुदियान्तेस आणि बार्सिलोनाशेजारच्या बादालोनाचा जोव्हेंतुत असे दोन बलाढ्य स्पॅनिश संघ होते. लोक संघाला 'पार्टिझान दे फुएनलाब्राडा' म्हणू लागले. आपल्याकडे नाही का, दहा वर्षे एका गावात राहिलेल्या मास्तरांच्या नावाला ते गाव चिकटते!

मला या हकिगतीतला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. पार्टिझानला आसरा स्पेनच्या सरकारने किंवा फिबाने दिला असे कागदोपत्री म्हणता येईल. पण 'घरचे मैदान' ही गोष्ट कागदावर देता येत नाही. घरचे मैदान म्हणजे पडलेल्या गुणाला उठणारा आवाज, चुकलेल्या फेकीनंतरचा दिलासा, निकराच्या क्षणी पाठीशी असलेली माणसे. ते फुएनलाब्राडाच्या रहिवाशांनी दिले, आणि ते स्वतःही त्या गावात कालपरवा आलेले होते. ज्याने नव्या जागी पहिली दिवाळी एकट्याने काढली आहे, त्याला दुसऱ्याच्या दाराला तोरण नसलेले लवकर दिसते.

नवखा गुरू आणि कोवळे चेले

पार्टिझानचा प्रशिक्षक कोण? झेलिमिर ओब्राडोविच. १९९१ च्या उन्हाळ्यापर्यंत तो याच क्लबचा खेळाडू होता. १९९० च्या जगज्जेत्या संघातही होता. वयाच्या एकतिसाव्या वर्षी त्याने खेळणे सोडले आणि थेट प्रशिक्षकाची खुर्ची घेतली. अनुभव शून्य. त्याच्या मदतीला म्हणून अलेक्झांडर निकोलिच यांना बोलावण्यात आले. निकोलिच म्हणजे युगोस्लाव्ह बास्केटबॉलचे भीष्माचार्य. इटलीच्या वारेसे संघाला त्यांनी १९७०, १९७२ आणि १९७३ मध्ये युरोपियन चषक जिंकून दिला होता. सामन्यांत सूत्रे हाती धरली ती मात्र ओब्राडोविचने.

संघात एकही परदेशी खेळाडू नव्हता. त्या काळी इटली-स्पेनचे क्लब अमेरिकेहून तगडे खेळाडू आणत. पार्टिझानची भिस्त होती ती घरच्या पोरांवर. अलेक्झांडर जॉर्जेविच २४ वर्षांचा, प्रेद्राग दानिलोविच २२ च्या आतबाहेर, उंचपुरा झेल्यको रेब्राचा तर अजून विशीतही शिरला नव्हता. दानिलोविचचा जन्म सारायेव्होचा. निकोलिच यांचा जन्मही सारायेव्होचाच. इवो नाकिच होता तो क्रोएशियातल्या रियेकाचा. बाहेर सर्ब आणि क्रोएट एकमेकांवर तोफा डागत असताना या संघात तो खेळत राहिला. नकाशा फाटत होता, पण संघाच्या यादीत जुना देश अजून थोडा शिल्लक होता.

गटात आठ संघ होते आणि प्रत्येकाशी दोनदा, असे १४ सामने. त्यांतले ७ घरचे, म्हणजे फुएनलाब्राडाचे. बेलग्रेड ते माद्रिद हे अंतर दिल्ली-चेन्नईपेक्षा जास्त. देशांतर्गत सामने बेलग्रेडला, 'घरचे' सामने स्पेनमध्ये आणि बाहेरचे सामने युरोपभर, असा हिवाळा या पोरांनी विमानतळांवर काढला. शेवटी गटात चौथा क्रमांक लागला. बाद फेरीत जाणारा तो शेवटचा क्रमांक.

बेलग्रेडचा एकच सामना

चौथा क्रमांक म्हणजे उपांत्यपूर्व फेरीत दुसऱ्या गटातल्या पहिल्या संघाशी गाठ. हा होता इटलीच्या बोलोन्याचा 'नॉर'. होय, आपल्या स्वयंपाकघरातल्या सूपच्या पाकिटांवरचाच! तिकडे क्लब आपल्या प्रायोजकाचे नाव लावतात. मिलानचा संघ तेव्हा 'फिलिप्स' म्हणून खेळे. बोलोन्याचा प्रशिक्षक एत्तोरे मेसिना, पुढे युरोपातला फार मोठा माणूस झाला.

तीनपैकी दोन सामने जिंकायचे होते. पहिला सामना पार्टिझानचा, आणि जानेवारीतल्या शस्त्रसंधीनंतर परिस्थिती थोडी निवळल्याने फिबाने तो बेलग्रेडला खेळायची परवानगी दिली. साऱ्या हंगामात या स्पर्धेतला आपल्या शहरातला हा त्यांचा एकुलता एक सामना. पायोनीर हॉलमध्ये पार्टिझानने तो ७८-६५ असा जिंकला. उरलेले दोन्ही सामने बोलोन्याला होते. त्यांतला एक गेला आणि एक जिंकला, आणि पार्टिझान शेवटच्या चारांत पोचला. उरलेले तीन संघ मिलान, एस्तुदियान्तेस आणि जोव्हेंतुत. चौघेही एकाच गटातले! ज्यांच्याशी फुएनलाब्राडात झुंजले तेच पुन्हा समोर.

इस्तंबूल, १६ एप्रिल १९९२

अंतिम चौघांची स्पर्धा इस्तंबूलला होती. १४ एप्रिलला उपांत्य सामन्यात पार्टिझानने मिलानला ८२-७५ असे हरवले. मिलानकडे डॅरिल डॉकिन्स होता, ज्याने १९७९ मध्ये अमेरिकेत अवघ्या काही आठवड्यांत दोनदा बास्केटमागचा काचेचा फळा फोडला होता. दुसऱ्या सामन्यात जोव्हेंतुतने एस्तुदियान्तेसला ९१-६९ असे सहज नमवले. जोव्हेंतुतकडे जोर्दी व्हियाकाम्पा, राफा आणि तोमास हे जोफ्रेसा बंधू, शिवाय कॉर्नी थॉम्पसन व हॅरोल्ड प्रेस्ली हे दोन अमेरिकन होते. लोलो साइन्स हा त्यांचा जुना-जाणता प्रशिक्षक.

अंतिम सामना अटीतटीचा झाला. शेवटचे काही सेकंद उरलेले असताना तोमास जोफ्रेसाने गुण मिळवले आणि जोव्हेंतुत ७०-६८ असा पुढे गेला. दहा सेकंदांहूनही कमी वेळ शिल्लक. स्लाविशा कोप्रिवित्साने चेंडू जॉर्जेविचच्या हाती दिला. जॉर्जेविच बाजूच्या रेषेलगत धावत सुटला. प्रतिस्पर्धी अंगाला चिकटून, पाय अजून थांबलेले नाहीत, आणि त्याच वेगात त्याने तीन गुणांच्या रेषेबाहेरून उडी मारून चेंडू फेकला. तो आत गेला. ७१-७०. उरलेल्या तीन-चार सेकंदांत जोव्हेंतुतला काही करता आले नाही.

दानिलोविचचे २५ गुण, जॉर्जेविचचे २३. म्हणजे ७१ पैकी ४८ गुण या दोघांचे. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू दानिलोविच ठरला. पहिल्याच वर्षी, ३२ व्या वर्षी, ओब्राडोविच युरोपविजेता प्रशिक्षक झाला. त्याच हंगामात पार्टिझानने देशाची लीग आणि चषकही जिंकला.

त्याच दिवसांत सारायेव्होला

इथपर्यंत ही कथा सिनेमासारखी वाटते. पण इतिहास सिनेमासारखा योग्य जागी थांबत नाही.

अंतिम सामन्याच्या दहा-अकरा दिवस आधी, ५-६ एप्रिलला, सारायेव्होचा वेढा सुरू झाला होता. दानिलोविचचे जन्मगाव ते. त्याच गावच्या बोस्ना क्लबने १९७९ मध्ये युगोस्लाव्हियाला पहिला युरोपियन चषक आणून दिला होता. तो वेढा पुढे जवळजवळ चार वर्षे, १९९६ च्या फेब्रुवारीपर्यंत चालला आणि त्यात दहा हजारांहून अधिक माणसे मेली. ते शहर सर्ब फौजांच्या तोफांखाली होते, आणि त्या फौजांना बेलग्रेडच्या सत्तेचे पाठबळ होते. १९८४ च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी बांधलेला तिथला झेत्रा हॉल मे महिन्यात जळाला आणि शेजारच्या मैदानात कबरी खणाव्या लागल्या.

इथे आपला एक खरा धागा जुळतो. त्या मार्चमध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने युगोस्लाव्हियात जी शांतिसेना पाठवली, तिचे पहिले प्रमुख होते भारताचे लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे अधिकारी आणि १९७१ च्या युद्धातले वीरचक्रविजेते. शांतिसेनेचे मुख्यालय सुरुवातीला सारायेव्होतच होते. इस्तंबूलला तो चेंडू हवेत होता, तेव्हा मराठा रेजिमेंटचा एक अधिकारी त्या वेढलेल्या शहरातल्या मुख्यालयाचा प्रमुख होता.

२७ एप्रिलला सर्बिया आणि माँटेनेग्रो या दोघांनीच नवे संघराज्य जाहीर केले. जुना युगोस्लाव्हिया संपला, इस्तंबूलच्या विजयानंतर अकराव्या दिवशी. ३० मे रोजी सुरक्षा समितीने ७५७ क्रमांकाचा ठराव करून या नव्या युगोस्लाव्हियावर निर्बंध घातले, त्यांत खेळांवरील बंदीही होती. त्यांचा फुटबॉल संघ युरो स्पर्धेतून काढला गेला, आणि त्याच्या जागी आलेल्या डेन्मार्कने ती स्पर्धा जिंकली. बास्केटबॉल संघाला बार्सिलोना ऑलिंपिकचे दार बंद झाले. आणि पार्टिझान, युरोपचा विजेता, पुढच्या हंगामात आपल्या अजिंक्यपदाच्या रक्षणासाठी उतरूच शकला नाही. आता परक्या गावातही त्याला मैदान नव्हते. जॉर्जेविच मिलानला आणि दानिलोविच बोलोन्याला गेला. ज्या दोन संघांना हरवले, त्यांनीच त्यांना नेले.

न्याय की अन्याय?

या बंदीबद्दल मी बराच विचार केला आहे. एक बाजू अशी की वीस-बावीस वर्षांच्या पोरांनी तोफा डागल्या नव्हत्या. मग शिक्षा त्यांना का? दुसरी बाजू अशी की त्याच वयाची सारायेव्होतली पोरे पाण्याच्या बादलीसाठी जाताना मारली जात होती, आणि त्यांच्या शहरावर तोफा लावणाऱ्यांना जगाने काही किंमत मोजायला लावायची की नाही? विजयाचा जल्लोष आणि वेढा एकाच महिन्यात, एकाच भाषेच्या माणसांमध्ये घडत होता हे विसरून नुसती जॉर्जेविचची फेक आठवणे मला जमत नाही. बंदी सर्वस्वी न्याय्य होती असे मी म्हणणार नाही, पण ती अकारण होती असेही म्हणता येत नाही. माझ्यापुरते मला एवढे वाटते की खेळाडूला त्याच्या सरकारचे पाप चिकटते, हे त्याचे दुर्दैव. आणि बळी पडलेल्याचे दुःख त्याहून कितीतरी मोठे. दोन्ही गोष्टी एका वेळी खऱ्या असू शकतात.

बंदी उठल्यावर हा देश १९९५ च्या अथेन्सच्या युरोपीय स्पर्धेत परत आला आणि लिथुआनियाला ९६-९० असे हरवून विजेता ठरला. त्या अंतिम सामन्यात जॉर्जेविचने एकट्याने ४१ गुण केले. पण बक्षीस समारंभात तिसऱ्या क्रमांकाचा क्रोएशियाचा संघ विजेत्यांची पाळी येण्याआधीच मंचावरून उतरून निघून गेला. चार वर्षांपूर्वी रोमला त्यांतले काही जण याच विजेत्यांच्या गळ्यात गळे घालून उभे होते.

पुढे काय झाले

ओब्राडोविचने पुढे १९९४ मध्ये युरोपियन अजिंक्यपद जिंकले, ते कोणत्या संघाबरोबर? जोव्हेंतुतबरोबर! इस्तंबूलला ज्यांच्या हातातला घास त्याने हिरावला, त्यांनीच त्याला बोलावले. आणि तेव्हाही शेवटच्या क्षणीच्या तीन गुणांच्या फेकीनेच निकाल लागला, ती फेक कॉर्नी थॉम्पसनची. नंतर रियाल माद्रिद (१९९५), ग्रीसचा पानाथिनाइकोस (२०००, २००२, २००७, २००९, २०११) आणि तुर्कस्तानचा फेनेरबाहचे (२०१७) मिळून त्याची एकूण ९ अजिंक्यपदे झाली. १९८९ ते १९९६ या आठ वर्षांत युरोपविजेता संघ कोणत्याही देशाचा असो, प्रशिक्षक मात्र दर वेळी जुन्या युगोस्लाव्हियात वाढलेलाच होता. देश मोडला, विद्या मात्र माणसांबरोबर परदेशी गेली आणि तिथे रुजली. हे आपल्याला नवीन नाही. बडोद्याला, इंदूरला, ग्वाल्हेरला, तंजावरला जे मराठी संगीत, पाककला, तालीमखाने रुजले, ते असेच माणसांबरोबर गेलेले.

फुएनलाब्राडाच्या स्वतःच्या बास्केटबॉल क्लबने १९९६ मध्ये स्पेनच्या सर्वोच्च लीगमध्ये प्रवेश मिळवला. बेलग्रेडच्या पायोनीर हॉलला २०१६ मध्ये अलेक्झांडर निकोलिच यांचे नाव देण्यात आले. आणि २०२३-२४ च्या हंगामात, इस्रायल-गाझा युद्धामुळे मकाबी तेल अवीवला आपल्या शहरात खेळता येईना, तेव्हा त्याने युरोलीगचे घरचे सामने याच निकोलिच हॉलमध्ये खेळले. ज्या शहराच्या संघाला एकेकाळी परक्या दारात उभे राहावे लागले होते, तेच शहर आता दुसऱ्याला दार उघडत होते.

आपल्या देशानेही हे केले आहे. अफगाणिस्तानच्या क्रिकेट संघाला मायदेशी खेळता येत नव्हते, तेव्हा ग्रेटर नोएडा, देहरादून आणि लखनौ ही त्याची घरची मैदाने झाली. २०१८ च्या जूनमध्ये देहरादूनला त्यांनी बांगलादेशाला ३-० असे हरवले.

वाचकहो, आपणही महाराष्ट्राबाहेर उत्सव करतो तो स्वतःच्या बळावर, असे म्हणताना थोडे थांबायला हवे. मांडवाला जागा देणारे, विसर्जनाच्या मिरवणुकीला वाट करून देणारे, आरतीचे शब्द कळत नसतानाही टाळ्यांचा ताल धरणारे शेजारी मराठी नसतात. कार्यक्रमपत्रिकेत आभाराच्या यादीत त्यांची नावे फार क्वचित येतात. पार्टिझानच्या चषकावर जसे फुएनलाब्राडाचे नाव कोरलेले नाही, तसेच. यंदाच्या दहा दिवसांत आपल्या कॉलनीत नव्याने राहायला आलेले एखादे कुटुंब, मग ते मणिपूरचे असो, काश्मीरचे असो की कोल्हापूरचे, प्रसादाला बोलवायचे राहून जाऊ नये, एवढीच विनंती.

गणपती बाप्पा मोरया!